गोळी लागली का चुकली कळत नाहीये? मग हरणाचा माग असा काढा

बार झाला, हरीण उसळलं, दोन उड्यांत झाडीत शिरलं आणि आता स्कोपमधे (रायफलवरच्या दुर्बिणीत) फक्त हलणारं गवत दिसतंय. अशा वेळी दहातले नऊ जण स्वतःलाच सांगतात की चुकली बहुतेक, कारण लागली असती तर पडलं नसतं का जागेवर. नाही पडत. काळजातून (हृदयातून) गोळी आरपार गेलेलं हरीणसुद्धा मेंदूत उरलेल्या ऑक्सिजनवर दहा-पंधरा सेकंद पळू शकतं आणि तेवढ्यात ते शंभर मीटर सहज कापतं. त्यामुळे चुकल्याचा पक्का पुरावा हातात येईपर्यंत गोळी लागलीच आहे असं धरून चालायचं. (हे सगळं जिथे शिकार कायदेशीर आहे आणि तुमच्याकडे परवाना आहे तिथल्यासाठी लिहितोय, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इथे कुणी डोकं चालवू नका.)

बार झाल्याबरोबर पहिलं काम म्हणजे बोल्ट (गोळी भरायची दांडी) मारून दुसरी गोळी चढवायची आणि नजर जनावरावरून हटवायची नाही. मान वर करून सोबत्याकडे बघून "लागली का रे?" विचारण्यात जे तीन सेकंद जातात ना, तेच सगळ्यात कामाचे असतात. धक्क्याने स्कोप उडतो त्यामुळे गोळी लागतानाचा क्षण खुद्द मारणाऱ्याला बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून सोबत कुणी असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की तू दुर्बिणीतून फक्त जनावर बघ.

बघायचं काय, तर जनावराची रिअ‍ॅक्शन. छातीत म्हणजे काळीज-फुफ्फुसात लागली की बऱ्याचदा ते वर उसळतं, मागच्या पायांनी लाथ झाडतं आणि मग खाली वाकून वाट दिसेल तिकडे सुसाट सुटतं. पोटात लागली तर पाठ कमानीसारखी वर येते, थोडं पळून ते चालायला लागतं, कळप सोडून एकटंच बाजूला होतं. पाय लोंबकळताना दिसला तर वेगळं सांगायला नको. आणि एक फसवा प्रकार आहे, गोळी मणक्याच्या वरच्या हाडाला नुसती चाटून जाते, हरीण धाडकन कोसळतं, आपण खुशीत रायफल खाली ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात ते उठून पसार होतं. म्हणून जागेवर पडलेल्या हरणावरही थोडा वेळ नेम धरूनच ठेवायचा. आवाजही लक्षात ठेवा, हाडावर लागली की कडक टणका येतो, पोटावर लागली की पोकळ "भद्द" असा. पण यातलं काहीच शंभर टक्के नसतं, चुकलेल्या बारालाही हरीण दचकून उसळतंच.

आता उठायच्या आधी जागा पक्की करा. हरीण कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, या दोन्ही जागांना एकेक ठळक खूण मनात धरा, वाकडं झाड, पांढरा दगड, काहीही, आणि बसल्या जागेवरून मोबाईलवर फोटो काढा. रेंजफाइंडर असेल तर अंतर मोजून ठेवा. निघताना तुमच्या जागेवर भडक टोपी नाहीतर जॅकेट टांगून जा, कारण दीडशे मीटर चालून पलीकडे गेलात की सगळी झुडपं सारखीच दिसायला लागतात आणि मागे वळून बघायला काहीतरी पाहिजे. ही पाच मिनिटं वाचवणारे नंतर चुकीच्या झुडपाखाली तासभर रक्त शोधत बसतात.

आणि मग थांबायचं. हा सगळ्यात अवघड भाग आहे. जखमी हरणाला मागे कुणी येतंय असं वाटलं नाही तर ते बहुतेक वेळा दोन-तीनशे मीटरच्या आत आडोसा बघून बसतं आणि बसलं की अंग आखडतं, रक्त जातं, तिथेच संपतं. तेच उठवलं की अ‍ॅड्रेनलिनवर किलोमीटरभर जाईल आणि दुसऱ्यांदा पळताना रक्तही फार सांडणार नाही. छातीत लागल्याची खात्री असेल तर अर्धा तास पुरतो. लिव्हरची शंका असेल तर तीन-चार तास. पोटात, आतड्यात लागली असेल तर आठ-दहा तास, म्हणजे संध्याकाळचा बार असेल तर सरळ सकाळीच जायचं. पायाच्या बाबतीत दोन मतं आहेत, काही जण म्हणतात थांबा, काही म्हणतात लगेच मागे लागा कारण बसलं की रक्त थांबतं आणि जखम जीवघेणी नसते. मोकळं रान असेल आणि दुसरा सुरक्षित बार मिळण्यासारखा असेल तर मला दुसरं मत पटतं, दाट झाडीत नाही.

पाऊस येतोय मग काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. छातीतलं असेल तर लवकर निघा, माग धुऊन जाईल. पण पोटातलं असेल तर पावसातही थांबा, कारण पोटाच्या जखमेतून बाहेर रक्त तसंही फार पडत नाही, मग पाऊस धुणार काय? उन्हाळ्यात मांस खराब होण्याची भीती खरी आहे, पण उठवून गमावलेल्या हरणाचं मांस कुठलं मिळतंय.

पंधरा-वीस मिनिटांनी फक्त बार झाला तेव्हा हरीण उभं होतं त्या जागेपर्यंत गुपचूप जायला हरकत नाही (हरीण तिथूनच जवळच्या झाडीत शिरलं असेल तर तेही नको). तिथे जे सापडतं त्यावरच पुढे किती थांबायचं ते ठरतं. गुडघ्यावर बसा, उभ्याने दिसत नाही. सुरुवात केसांपासून करा. गोळी लागली की केस कापले जातात आणि थोडे का होईना पडतातच. लांब, जाड, टोकाला गडद केस पाठीकडचे, पांढरट मऊ केस पोटाकडचे, आखूड बारीक केस पायाचे. केसांचा पुंजका भरपूर आणि रक्त नावाला, असं असेल तर गोळी बहुधा चाटून गेलीये.

मग रक्त. गुलाबीसर, फेसाळ, बारीक बुडबुडे असलेलं असेल तर फुफ्फुस, जनावर फार लांब नाही. गडद, काळपट लाल असेल तर लिव्हर. लालभडक रक्ताने मात्र फसायला होतं, ते काळजाचं किंवा मोठ्या धमनीचंही असतं आणि नुसत्या मांसाच्या जखमेचंही. फरक पुढे कळतो, मांसाच्या जखमेचं रक्त सुरुवातीला भरपूर पडतं आणि शंभर-दोनशे मीटरमधे थेंब लहान होत होत बंद होतं. रक्त पातळ, हिरवट-तपकिरी, त्यात चघळलेल्या गवताचे तुकडे दिसत असतील तर गोळी पोटात, आणि लेंडीसारखा वास, बारीक चिकट घाण असेल तर आतड्यात. शंका असेल तर पान उचलून नाकाशी धरा, किळस वाटून उपयोग नाही, डोळ्यांपेक्षा नाक लवकर सांगतं. हाडाचा तुकडा मिळाला तर तोही बघा, चपटा पातळ असेल तर बरगडी, जाड नळीची धारदार कपची आणि आत मज्जा असेल तर पाय. पोटाची खूण मिळाली की आल्या पावली मागे फिरायचं, बोलायचं नाही, उत्साहाने "थोडंसं पुढे बघून येतो" तर अजिबात नाही.

वेळ भरली की माग धरायचा. जास्तीत जास्त दोघं-तिघं. दहा माणसं घेऊन गेलात तर माग राहतच नाही, सगळा तुडवून चिखल होतो. रक्ताच्या रेषेवर पाय न ठेवता तिच्या बाजूने चालायचं, एकाने जमिनीवर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने रायफल घेऊन पुढच्या झाडीवर, कारण वाकून थेंब शोधणाऱ्या माणसाला वीस पावलांवर उठणारं हरीण दिसत नाही. वाकताना, झुडपातून रांगताना चेंबर (नळीतली गोळीची जागा) रिकामा असू द्या, एका हरणापायी सोबत्याला गोळी लागायला नको.

प्रत्येक सापडलेल्या थेंबापाशी टिश्यू पेपरचा तुकडा फांदीला लावत चला. साधा टिश्यू कारण तो पावसात विरघळून जातो, प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या तर परत येऊन काढा. दहा-बारा तुकडे झाले की मागे वळून बघा, जनावराची दिशा एका रेषेत दिसते आणि पुढे कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

थेंब कसा पडलाय तेही वाचा. उभ्या जनावराचा थेंब गोल पडतो. पळत्या जनावराचा लांबट पडतो आणि त्याचे शिंतोडे ते गेलं त्या दिशेला उडतात. फक्त जमीनच बघत बसू नका, गवताच्या पात्यांना आणि झुडपांच्या पानांना रक्त पुसलेलं असतं आणि ते किती उंचीवर आहे त्यावरून जखम किती वर आहे ते समजतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना पुसलेलं असेल तर गोळी आरपार गेलीये, चांगली खूण. पाचोळ्यात लाल ठिपका दिसला आणि ते रक्त का पानावरचा नुसता डाग अशी शंका आली तर हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी स्प्रे बाटली जवळ ठेवा, मेडिकलमधलं साधं ३ टक्क्यांचं चालतं, रक्तावर पडलं की पांढरा फेस येतो. कोरड्या रानात माश्या आणि मुंग्यासुद्धा रक्ताची जागा दाखवतात.

रक्त संपलं म्हणजे माग संपला असं नाही. चरबीने किंवा आतड्याने भोक बुजतं, रक्त आतल्या आत साचतं. शेवटच्या थेंबावर टिश्यू लावा, तिथे एका माणसाला उभं करा आणि दुसऱ्याने पुढे अर्धवर्तुळात आधी लहान, मग मोठे फेरे मारा. आता खुरांवर भर द्या. पळत्या हरणाचे खूर फाकलेले आणि खोल उमटतात, माती मागे उडालेली असते, वाळकी पानं उलटून त्यांची ओली बाजू वर आलेली असते. हरणांच्या नेहमीच्या पायवाटा आधी बघा, जखमी जनावरसुद्धा सोपी वाटच धरतं. पोटात लागलेलं पाण्याकडे जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा पाणवठे, ओढ्याचे काठ, दाट झुडपं नीट तपासा. जखमी हरीण चढावर जात नाही असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात, त्यांच्या भरवशावर चढ सोडू नका, जातं.

बसल्याची जागा सापडली, गवत दबलेलं आणि त्यात रक्त, तर हात लावून बघा. ओलं ताजं असेल तर तुम्ही त्याला नुकतंच उठवलंय, पुढे जाऊ नका, मागे सरा आणि निदान दोन-तीन तास थांबा.

हे सगळं करूनही काही हाती लागत नसेल तर मागाचा कुत्रा बोलवा, आणि तो रान माणसांनी तुडवायच्या आधी बोलवला तर उत्तम. हॅनोव्हेरियन किंवा बव्हेरियन हाउंडसारखी कुत्री खास याच कामासाठी तयार केलेली आहेत, ती रक्तावरच नाही तर त्याच जनावराच्या खुरांच्या वासावरही चालतात, त्यामुळे रक्त नसलेला माग त्यांना दुसऱ्या दिवशीही लागतो. काही ठिकाणी कुत्रा वापरायला किंवा रात्री टॉर्च घेऊन शोधायला वेगळी परवानगी लागते आणि माग दुसऱ्याच्या जमिनीत गेला तर मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही, हे आधी माहीत करून घ्या.

हरीण पडलेलं दिसलं की धावत सुटू नका. थांबून दुर्बिणीतून बरगड्या हलतायत का बघा. मग पाठीकडून जवळ जा, पायांकडून कधीच नाही, शिंग आणि खुरांनी माणूस चांगलाच फाटतो. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे असतात, मिटलेले असतील तर ते जिवंत धरा. लांब काठीने बुबुळाला स्पर्श करा, पापणी हलली तर मागे सरून, पलीकडे कोण आहे ते बघून लगेच शेवटची गोळी द्या. आणि साफ करताना गोळी नेमकी कुठून शिरली आणि आत काय काय फाडलं ते उघडून बघाच, सकाळी पानावर बघितलेला रंग आणि आतली जखम एकदा शेजारी शेजारी बघितली की पुढच्या वेळी पाच मिनिटांत अंदाज येतो.

उरला चुकल्याचा प्रश्न. केस नाही, रक्त नाही, पहिल्या दोन-तीनशे मीटरच्या खुरांच्या ठशांत लंगडणं नाही, आणि त्यावर गोळी मातीत घुसलेली किंवा मधली फांदी ताजी तुटलेली दिसली, तरच चुकली म्हणायचं. त्यानंतर पुढचं जनावर बघायच्या आधी रायफल नेमबाजीच्या रेंजवर नेऊन कागदावर तीन गोळ्या मारून झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागते का ते) तपासा, स्कोपचे माउंट (स्कोप रायफलला धरून ठेवणारे क्लॅम्प) कधीकधी ढिले झालेले असतात आणि ते हाताने हलवून कळत नाही.