शुक्रवारी निघा, सोमवारच्या लेक्चरला परत या: इटलीचा वीकेंड कसा बसवायचा

पुण्यातून दरवर्षी इतकी मुलंमुली मास्टर्सला किंवा एखाद्या सेमिस्टरच्या एक्स्चेंजला जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सला जातात, आणि बॅगा भरता भरताच प्रश्न सुरू होतात की तिकडे गेल्यावर इटली कधी करायची, किती दिवस लागतात, खर्च किती येतो. मी तिकडे शिकून आता परत पुण्यात आहे आणि ओळखीतली जी जी जातात त्यांना हेच सगळं फोनवर सांगत असते, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. लांब सुट्टीची वाट बघू नका, कारण सुट्टीत एकतर परीक्षा असते नाहीतर पार्ट टाइम जॉब. एक वीकेंड पुरतो, फक्त तो नीट बसवायला लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे शहरं दोनच. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान असं सगळं दोन दिवसांत करायचे प्लॅन फिरत असतात, ते मनावर घेऊ नका, त्यात तुम्ही स्टेशनंच बघता. आणि दुसरी गोष्ट, जी बरेच जण विचारातच घेत नाहीत, ती म्हणजे विमान एका शहरात उतरवा आणि परतीचं दुसऱ्या शहरातून पकडा. शुक्रवारी रात्री रोमला उतरायचं, शनिवार पूर्ण रोम, रविवारी पहाटेच्या फास्ट ट्रेनने फ्लोरेन्स, संध्याकाळी लोकल ट्रेनने पिसा आणि तिथूनच रात्रीची फ्लाइट. म्हणजे परत उलटं रोमला यायचा वेळही जात नाही आणि पैसेही. तुमच्या शहरातून पिसाची फ्लाइट नसेल तर बोलोन्या बघा, फ्लोरेन्सहून तिथे फास्ट ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता. व्हेनिसला या वीकेंडमध्ये कोंबू नका, त्याला वेगळा वीकेंड द्या, आणि म्युनिकच्या बाजूला राहत असाल तर तो ट्रेननेच करा, आल्प्समधून ब्रेनर खिंडीतून गाडी जाते, तो प्रवासच सुंदर आहे.

आता कागदपत्रं. शेंगेन म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं त्यांचा गट, त्यातल्या देशाचा विद्यार्थी व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट असेल तर इटलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत बाकीच्या शेंगेन देशांत फिरता येतं. पण ओरिजिनल पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही सोबत हवं, फोनमधला फोटो चालणार नाही. परमिट अजून हातात आलं नसेल आणि नुसता तात्पुरता कागद असेल तर तिकीट काढायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, कारण काही कागदांवर तो देश सोडून जाता येत नाही. यूकेमध्ये शिकत असाल तर मात्र शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याची अपॉइंटमेंट बरीच आधी बघून ठेवा.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी फ्लाइट, मग फास्ट ट्रेन, मग कलोसियम (रोममधलं प्राचीन दगडी स्टेडियम), मग हॉस्टेल. फास्ट ट्रेन दोन कंपन्यांच्या आहेत, सरकारी फ्रेच्चारोसा आणि खाजगी इतालो, दोन्ही रोम ते फ्लोरेन्स दीड तासात नेतात आणि दोन्हींची तिकिटं जितकी उशिरा काढाल तितकी महाग होत जातात, म्हणून दोन्हीकडे बघून जी स्वस्त असेल ती लगेच घ्या. फ्लोरेन्स ते पिसा या रिजनल गाडीचं उलट आहे, भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे आधी काढून काही वाचत नाही, स्टेशनवर जाऊन काढलं तरी चालतं. फक्त कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, अ‍ॅपवर काढलं तर चेक-इन आता आपोआप होतं. शिक्का नाही मारला तर तिकीट असूनही दंड बसतो आणि टीसी ऐकून घेत नाहीत.

कलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी उघडतात, साधं तिकीट १८ युरो, त्यातच शेजारचं रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि पॅलाटाइन टेकडी येते. तिकिटावर नाव असतं आणि गेटवर ते ओळखपत्राशी जुळवून बघतात, त्यामुळे नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे काउंटरवर वाद होणार नाही: सरकारी म्युझियममध्ये १८ ते २५ वयाच्या लोकांना २ युरोत सोडतात ते युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी आहे, आपला पासपोर्ट त्यात बसत नाही. पण आर्किटेक्चर किंवा आर्ट हिस्टरी तिकडच्या युनिव्हर्सिटीत शिकत असाल तर अ‍ॅडमिशनचं पत्र बरोबर ठेवा आणि विचारा, त्यांना वेगळी सवलत असते. आणि महिन्याचा पहिला रविवार सरकारी म्युझियम सगळ्यांना फुकट असतात. पैसे वाचतात हे खरं, पण रांगा भयंकर असतात, आणि दोनच दिवस हातात असताना तीन तास रांगेत घालवणं मला तरी पटत नाही.

सामान एकच पाठीवरची सॅक. स्वस्त एअरलाइन्सचं फुकट बॅगेचं माप फार छोटं असतं, सीटखाली जाईल एवढंच, त्यांच्या साइटवरचं माप टेप लावून बघा. बूट मात्र चांगले हवेत आणि ते इथूनच वापरून मऊ करून न्या, दोन-तीनदा सिंहगड चढून उतरून या, कारण रोमचे रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत आणि दिवसात वीसेक किलोमीटर चालणं सहज होतं. खाऊ न्यायचा तर पुण्याहून बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, पण पेढे, बर्फी आणि तूप नको, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

शनिवारची सुरुवात व्हॅटिकनपासून करा आणि सकाळी सातलाच पोचा. सेंट पीटर्स बॅसिलिकामध्ये जायला पैसे लागत नाहीत, फक्त सिक्युरिटीची रांग असते, जी सातला छोटी आणि दहाला पूर्ण चौकाला वळसा घालून गेलेली असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलगे असोत की मुली. आत गेल्यावर लगेच उजव्या हाताला काचेमागे मायकलअँजेलोची पिएता आहे, मेरीच्या मांडीवर येशूचा देह असलेलं शिल्प, तिथे घाई करू नका. सिस्टिन चॅपल मात्र व्हॅटिकन म्युझियमच्या तिकिटात येतं आणि त्याला अर्धा दिवस जातो, म्हणून या ट्रिपमध्ये मी ते सोडायला सांगेन. ते छत मायकलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलंय, ते वीस मिनिटांत उरकायची गोष्ट नाही.

तिथून नदी ओलांडून पियात्सा नावोना. मधोमध बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं आहे, १६५१ सालचं, चार खंडांतल्या चार नद्या माणसांच्या रूपात बसवल्यात आणि त्यात नाईल, डॅन्यूब, ला प्लाता यांच्या बरोबर आपली गंगाही आहे, हातात वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष. तिकडे नद्यांना पुरुषरूपात दाखवायची पद्धत, त्यामुळे आपल्या गंगामाईला दाढी आलीये. ती शोधून बघाच. मग दोन मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च, आत काराव्हाज्जोची तीन मोठी चित्रं, फुकट. दुपारी चर्च बंद असतं म्हणून आधी तेच गाठा. एवढ्या मोठ्या चित्रकाराचं काम ज्या भिंतीसाठी काढलं त्याच भिंतीवर बघायला मिळतं, म्युझियममध्ये हे होत नाही.

आणि मग पँथिऑन, जुनं रोमन देऊळ. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरवाल्यांनी इथे निवांत वेळ काढा. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण इसवी सन १२६ च्या सुमारास पूर्ण झालेली इमारत, घुमटाचा व्यास ४३ मीटर आणि जमिनीपासून वरपर्यंतची उंचीही तेवढीच, आणि आत लोखंडाची एक सळई नाही. आजही बिनसळईच्या काँक्रीटचा जगातला सगळ्यात मोठा घुमट हाच. वर वर जाताना त्यांनी काँक्रीटमध्ये हलका दगड घातला, अगदी वर प्युमिस नावाचा सच्छिद्र ज्वालामुखी दगड, आणि घुमटाची जाडीही कमी करत नेली, म्हणून तो अजून उभा आहे. माथ्यावर जवळपास नऊ मीटरचं उघडं भोक आहे, पाऊस आला की सरळ आत पडतो आणि जमिनीतल्या छोट्या भोकांतून निघून जातो. तिकीट ५ युरो, वीकेंडला ऑनलाइन काढून जा.

कलोसियमचा स्लॉट दुपारी तीनच्या आसपासचा घ्या, म्हणजे नंतर फोरममध्ये उतरतं ऊन मिळतं. सम्राट व्हेस्पेशियनने कलोसियम बांधायला घेतलं आणि त्याच्या मुलाने, टायटसने, इसवी सन ८० मध्ये उघडलं. आत जाऊन नुसते सेल्फी काढू नका, खाली जमिनीखालच्या खोल्यांच्या भिंती दिसतात तिकडे बघा, प्राणी आणि माणसं तिथून वर आणायचे. बाहेर पडल्यावर दहा मिनिटांवर सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये मायकलअँजेलोचा मोझेसचा पुतळा आहे, तोही फुकट, पण बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. ट्रेव्ही कारंजं रात्री उशिरा करा, गर्दी बरीच ओसरलेली असते.

रविवारी सातच्या आसपासची ट्रेन पकडलीत की साडेआठला फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर. तिथून सगळं चालत आहे, बस लागतच नाही. इथे उफित्सी म्युझियम की अकादेमिया म्युझियम हा प्रश्न येतो. उफित्सी जास्त मोठं आणि बोत्तिचेल्लीचं व्हीनसचं प्रसिद्ध चित्र तिथे आहे, पण नीट बघायला तीन-चार तास हवेत. एका दिवसासाठी मी अकादेमियाच सांगेन, तास-सव्वा तासात होतं आणि तिथे मायकलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आहे. पाच मीटरहून उंच, १५०१ ते १५०४ मध्ये केलेला, आणि तोही अशा दगडातून जो आधीच्या शिल्पकारांनी सुरू करून अर्धवट टाकला होता आणि कित्येक वर्षं पडून होता. मायकलअँजेलो तेव्हा पंचविशी नुकती ओलांडलेला, म्हणजे तुमच्याच वयाचा. पण डेव्हिडकडे धावत जाऊ नका, त्याच्याकडे जाणाऱ्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना अर्धवट राहिलेले कैद्यांचे पुतळे उभे आहेत, दगडातून बाहेर यायला धडपडणारे, मला तर ते डेव्हिडइतकेच आवडतात. सोमवारी ही दोन्ही म्युझियम बंद असतात, त्यामुळे ट्रिप पुढे ढकलायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

कॅथेड्रलच्या आत रविवारी सकाळी प्रार्थना असते, पण खरी गोष्ट वरचा घुमट आहे. चर्चचं बांधकाम १२९६ मध्ये सुरू झालं आणि एवढं मोठं भोक झाकायचं कसं हेच कोणाला माहीत नव्हतं, शंभरहून जास्त वर्षं ते तसंच राहिलं. मग आर्किटेक्ट ब्रुनेलेस्कीने १४२० मध्ये काम घेतलं, जमिनीपासून लाकडी आधार न देता, एकात एक दोन घुमट आणि विटा तिरप्या गुंफून असं १४३६ पर्यंत पूर्ण केलं. वर जाताना तुम्ही या दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतूनच चढता. पायऱ्या ४६३, म्हणजे पर्वतीच्या चौपटीहून जास्त, आणि लिफ्ट नाही. ठरलेल्या वेळेचं तिकीट आधीच काढावं लागतं आणि रविवारी चढणं दुपारी सुरू होतं, म्हणून सकाळी अकादेमिया, दुपारी घुमट हा क्रम बरोबर बसतो. मधल्या वेळात पोन्ते वेक्कियो, १३४५ चा पूल. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने फ्लोरेन्समधले बाकी सगळे पूल उडवले, हा तेवढा ठेवला.

खाण्याचं थोडं सांगते कारण घरून सगळ्यात जास्त काळजी त्याचीच असते. शाकाहारी असाल तर इटली जर्मनीपेक्षा सोपी. वजनावर तुकडा कापून देतात तो पिझ्झा घ्या, फ्लोरेन्समध्ये पावाचं आणि टोमॅटोचं पाप्पा अल पोमोदोरो किंवा भाज्यांची रिबोल्लिता मिळते, आपल्या जिभेला पटतात दोन्ही. कडक शाकाहारी असाल तर एवढं माहीत असू द्या की पार्मेजान चीज वासराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या, दूध फाडणाऱ्या पदार्थाने) बनतं, त्यामुळे चीज नसलेला मारिनारा पिझ्झा मागा. मांस नको हे सांगायला ‘सेन्त्सा कार्ने’. हॉटेलात बसलात की बिलात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसायचा आकार, लागतो, ती फसवणूक नाही, तिकडची रीत आहे, मेन्यूवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॉफी काउंटरला उभं राहून प्या, टेबलावर तीच महाग. आणि पाणी विकत घेऊ नका, रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ सतत वाहत असतात, पाणी पिण्याचंच आहे, बाटली भरून घ्या.

पाकीटमार रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर आणि गर्दीच्या मेट्रोत असतात, सॅक पुढे घ्या, पासपोर्ट आतल्या खिशात. हातात धागा बांधायला येतात त्यांना हात देऊच नका. हॉस्टेलमध्ये माणशी रोजचा सिटी टॅक्स वेगळा असतो आणि बऱ्याच ठिकाणी रोख मागतात, थोडे सुटे युरो ठेवा. निघायच्या आदल्या आठवड्यात ‘शोपेरो’ शब्द टाकून सर्च करा, हा तिकडचा संप, आधी जाहीर करून होतो आणि बरेचदा शुक्रवारच गाठतो.

रविवारी दुपारी चारच्या आसपास फ्लोरेन्समधून निघालात तर तासाभरात पिसा. तिथल्या प्रसिद्ध झुकत्या मनोऱ्याला जवळचं स्टेशन पिसा सान रोस्सोरे आहे, गाडी तिथे थांबते का बघून तीच घ्या, नाहीतर पिसा सेंत्राले या मुख्य स्टेशनहून वीस-पंचवीस मिनिटं चाला. मनोरा ११७३ मध्ये बांधायला घेतला आणि खालची माती मऊ असल्यामुळे बांधता बांधताच कलायला लागला, १९९० पासून अकरा वर्षं बंद ठेवून सरळ करायचं काम केलं, पूर्ण सरळ नाही, पडणार नाही इतपतच. वर चढायचे पैसे घालवू नका, बाहेरून हिरवळीवरून बघा, शेजारचं कॅथेड्रल आणि बाप्तिस्तेरो (बाप्तिस्म्याची गोल इमारत) पांढरंशुभ्र आहे. अर्धा-पाऊण तास पुरे. मग सेंत्रालेला या, तिथून पिसामूव्हर नावाची छोटी गाडी पाच मिनिटांत विमानतळावर सोडते. तिथे दोन तास आधी पोचा, कारण काही स्वस्त एअरलाइन्स युरोपबाहेरचा पासपोर्ट असला की काउंटरवर कागद तपासून घ्यायला लावतात, ऑनलाइन चेक-इन केलेलं असलं तरी, आणि ती रांग रविवारी रात्री लांब असते.