स्वयंपाकघरातले दिवे निवडताना आधी सावली बघा

स्वयंपाकघरासाठी दिवे घ्यायचे म्हटलं की बहुतेक जण डिझाइनपासून सुरुवात करतात. ते शेवटी बघितलं तरी चालतं. आधी रात्री फक्त छतावरचा दिवा लावून ओट्याशी उभे राहा आणि नेहमीसारखी भाजी चिरायला घ्या. सुरीवर तुमच्याच डोक्याची नि खांद्यांची सावली पडत असेल, तर दिवा पाठीमागे आहे. तिथे कितीही मोठा बल्ब लावला तरी ही सावली हटणार नाही.

१. ओट्याचा दिवा आधी ठरवा

ओट्यावर भिंतीतली कपाटं असतील तर त्यांच्या तळाशी एलईडी पट्टी बसवणं हा सगळ्यात चांगला उपाय. पट्टी कपाटाच्या पुढच्या काठाजवळ हवी. मागे भिंतीला चिकटून लावली तर फरशा उजळतात आणि चिरायची जागा मात्र अंधारीच राहते. उघडी पट्टी घेऊ नका. गुळगुळीत काळ्या ओट्यावर तिचा एकेक ठिपका आरशासारखा दिसतो आणि डोळ्यांना टोचतो. अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत बसणारी, वर दुधी झाकण असलेली पट्टी घ्या. खाचेमुळे एलईडीची उष्णताही बाहेर पडते, त्यामुळे पट्टी जास्त टिकते.

वर कपाटं नसतील तर छतातले छोटे दिवे ओट्याच्या काठाच्या बरोबर वर किंवा किंचित भिंतीकडे सरकवून लावा, म्हणजे उजेड डोक्याच्या पुढे पडेल.

२. वॉट नव्हे, ल्युमेन वाचा

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो; उजेड किती देतो ते ल्युमेनवरून कळतं. चिरण्या-निवडण्याच्या जागी साधारण ५०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन, उजेड पुरतो. खोलीत वावरायला १५० लक्सही चालतात. ८ चौरस मीटरच्या खोलीला हिशेबाने १२०० ल्युमेन होतात, पण भिंती आणि दिव्याचं झाकण बराच उजेड गिळतात, म्हणून २००० च्या आसपास धरा. ओट्याच्या पट्टीला मीटरमागे ५०० ते ६०० ल्युमेन. भिंती गडद असतील तर हात आणखी सैल सोडा.

३. उजेडाचा रंग

खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे तटस्थ पांढरा, ६५०० म्हणजे निळसर. स्वयंपाकघराला मी तरी ४००० च सुचवेन. स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला उघडं असेल तर ३०००. निळसर उजेडात जास्त स्पष्ट दिसतं असं वाटतं, पण जेवण फिकं दिसतं. काहीही निवडलंत तरी एका नजरेत येणारे सगळे दिवे एकाच आकड्याचे घ्या.

त्याहून दुर्लक्षित आकडा म्हणजे सीआरआय, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो ९० किंवा त्याहून वर असावा. कांदा तांबूस झालाय की करपायला लागलाय, हे ८० च्या दिव्याखाली ओळखणं अवघड जातं.

४. वाफ, पाणी आणि तेल

सिंकजवळच्या दिव्याला निदान आयपी ४४ दर्जा हवा, म्हणजे शिंतोडे उडाले तरी धोका नाही. शेगडीच्या थेट वर पट्टी किंवा तिचा ड्रायव्हर (पट्टीला योग्य वीज पुरवणारा डबा) लावू नका, उष्णतेने लवकर जातो. नक्षीदार, खाचाखोचांचे दिवे दुकानात छान दिसतात. घरी त्यांच्यावर तेलकट थर बसतो आणि पुसायला कोणी तयार नसतं. जेवणाच्या टेबलावर लटकता दिवा हवाच असेल तर टेबलापासून ७५ ते ९० सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं आणि बल्बही डोळ्यांत येत नाही.

५. बटणं वेगळी

ओटा, छत आणि टेबल यांना स्वतंत्र बटणं ठेवा, आणि हे इलेक्ट्रिशियनला फरशा बसण्याआधी सांगा. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं बटण, लावायचा असेल तर दिव्यावर तो डिमरवर चालतो असं लिहिलेलं आहे का ते बघा, नाहीतर फडफडतो.

शेवटी, पक्कं बसवण्याआधी पट्टी चिकटपट्टीने तात्पुरती लावून एका रात्री स्वयंपाक करून बघा. डोळ्यांत येत असेल तर इंचभर सरकवायला अजून वाव असतो.