कायद्यात पीएच.डी. करायचीय? मग पैशाचा शोध आधी सुरू करा

कायद्यात पीएच.डी. करायची म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्यांचा विषय बहुतेक वेळा पक्का असतो, गाइडही मनात ठरलेला असतो. पैशाचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "प्रवेश मिळाला की बघू." मी तिथंच थांबवते. प्रवेश मिळेपर्यंत बऱ्याच शिष्यवृत्त्यांची मुदत उलटून गेलेली असते. ऑक्सफर्डची क्लॅरेंडन घ्या. तिला वेगळा अर्जच नाही. प्रवेशाचा अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या ठरलेल्या मुदतीत पोचला, तर तुमचं नाव आपोआप विचारात घेतलं जातं. मुदत हुकली, तर पुढं प्रवेश मिळूनही क्लॅरेंडन गेलीच. हाँगकाँगच्या पीएच.डी. फेलोशिप योजनेची रीत वेगळी आहे. आधी तिथल्या संशोधन अनुदान मंडळाकडे नोंदणी करून क्रमांक घ्यायचा आणि तो विद्यापीठाच्या अर्जात भरायचा. म्हणून प्रवेशाचे आणि पैशाचे कागद एकाच वेळी तयार करायला घ्या, निदान वर्षभर आधी.

पैसा कुठल्या स्वरूपात हवा, हेही आधीच ठरवा. नेदरलँड्समध्ये आणि नॉर्वे, स्वीडनमध्ये पीएच.डी. म्हणजे बहुतेकदा पगारी नोकरी. करार होतो, पगार मिळतो, जागेची जाहिरात निघते. मात्र अशा जागा पुष्कळदा प्राध्यापकाच्या चालू प्रकल्पातल्या असतात, त्यामुळे विषयाची चौकट त्यांची असते. आपलाच प्रश्न घेऊन जायचं असेल तर हे आधी मनाशी पडताळा. जर्मनीत प्राध्यापकाच्या हाताखाली अर्धवेळ साहाय्यक म्हणून काम करत थिसिस लिहिणारे खूप आहेत. कायद्याच्या बाबतीत तिथं भाषा आणि प्रवेशाच्या अटी कडक असतात, त्या सुरुवातीलाच तपासा. आंतरराष्ट्रीय किंवा तौलनिक कायद्याचा विषय असेल, तर हायडेलबर्ग आणि हॅम्बर्गच्या माक्स प्लांक या संशोधन संस्थांवर नजर ठेवा.

अमेरिकेत जरा जपून. एस.जे.डी. किंवा जे.एस.डी., म्हणजे तिथल्या कायद्यातल्या डॉक्टरेट, त्यांसाठी सहसा आधी एलएल.एम. ही पदव्युत्तर पदवी लागते आणि मदतीचं प्रमाण प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं. फी माफ झाली म्हणजे राहण्याखाण्याची सोय झाली, असं धरून चालू नका. येलनं २०१२ मध्ये कायद्यातली स्वतंत्र पीएच.डी. जाहीर केली. तिथं फी आणि स्टायपेंड दोन्ही मिळतात, पण ती जे.डी., म्हणजे अमेरिकेतली कायद्याची मूळ पदवी, झालेल्यांसाठी आहे.

ब्रिटनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चांगले प्रस्ताव तिथं चुकीच्या दारावर गेल्यामुळं मागं पडतात. सरकारी संशोधन निधी कायद्याला दोन परिषदांकडून मिळू शकतो: एएचआरसी, म्हणजे मानव्यविद्यांची, आणि ईएसआरसी, म्हणजे समाजशास्त्रांची. समजा, तुमचा विषय आहे भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या दाव्यांतली ऑनलाइन सुनावणी. निष्पक्ष सुनावणीचं तत्त्व कसं घडत गेलं आणि पडद्यावरच्या सुनावणीत ते टिकतं का, हा तुमचा प्रश्न असेल, न्यायनिर्णय आणि कायद्याचा इतिहास ही तुमची सामग्री असेल, तर प्रस्ताव एएचआरसीकडे शोभतो. वकील न परवडणारा भाडेकरू मोबाइलवरून हजर होतो तेव्हा त्याचं म्हणणं नोंदलं जातं का, हे मुलाखती घेऊन आणि सुनावण्या बघून शोधायचं असेल, तर तो ईएसआरसीचा विषय. मग किती मुलाखती, कोणाच्या, परवानगी कोणाची, हे प्रस्तावात आलंच पाहिजे. विषय तोच, पण वाचणारे वेगळे. मधलं काहीतरी लिहून दोन्हीकडे पाठवू नका. २०२१ पासून या परिषदांच्या जागांसाठी परदेशी विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो, पण त्यांचा वाटा जास्तीत जास्त ३० टक्के ठेवलेला आहे. म्हणून त्याच अर्जासोबत विद्यापीठाच्या आणि कॉलेजच्या शिष्यवृत्त्याही बघा. केंब्रिजला गेट्स शिष्यवृत्ती आहे, ब्रिटनबाहेरच्या नागरिकांसाठी. शिवाय तिथल्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजची टॅप स्टुडंटशिप खास कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अशी कॉलेजची नावं मोठ्या याद्यांत सापडत नाहीत, ती कॉलेजच्याच पानावर जाऊन शोधावी लागतात.

युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या जागा चांगल्या पगाराच्या असतात, पण एक अट नीट वाचा. ज्या देशात नेमणूक हवी, तिथं नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. एलएल.एम. करून त्याच देशात नोकरी धरलेली हुशार मुलं इथं अडतात. त्यांनी शेजारच्या देशातली जागा बघावी.

गाइडला पाठवायच्या ईमेलवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावते. गाइडचा पाठिंबा असेल तर विभाग तुमचं नाव शिष्यवृत्तीसाठी पुढं करतो. "आदरणीय सर, आपलं काम वाचून भारावून गेलो" हे काढून टाका. पहिल्या दोन ओळींत प्रश्न: "ऑनलाइन सुनावणीत गैरहजेरीचे निकाल का लागतात, हे मला तपासायचं आहे." मग त्यांच्या कुठल्या लेखातल्या कुठल्या मुद्द्याशी तुमचं जुळतं किंवा पटत नाही, ते एका वाक्यात. मग कुठल्या शिष्यवृत्तीसाठी, कुठल्या तारखेपर्यंत अर्ज करणार आहात ते. सोबत दोन पानांचा प्रस्ताव. एवढंच. शिफारसपत्र देणाऱ्यांनाही प्रस्ताव आणि शिष्यवृत्तीचे निकष दोन्ही पाठवा. निकष न बघता लिहिलेलं पत्र कितीही गोड असलं तरी कामाचं नसतं.

ऑफर आली की सही करायच्या आधी लेखी विचारा: परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी धरली आहे का, पैसे किती वर्षं, आरोग्य विमा आणि फील्डवर्कचा प्रवास त्यात आहे का, दुसरी शिष्यवृत्ती मिळाली तर ही कापणार का, शिकवावं लागेल का. निधी तीन वर्षांचा आणि थिसिस चौथ्या वर्षात, असं कायद्यात नेहमी होतं. त्या शेवटच्या टप्प्यासाठी छोट्या मदती आतापासून लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये थिसिस करणाऱ्यांना मॉडर्न लॉ रिव्ह्यू या कायद्याच्या नियतकालिकाच्या शिष्यवृत्त्या आहेत. विकसनशील देशात राहून आंतरराष्ट्रीय कायद्यावर लिहिणाऱ्यांसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीच्या मोजक्या निवासी शिष्यवृत्त्या आहेत, ज्यांवर उन्हाळ्यात हेगमधल्याच पीस पॅलेसच्या ग्रंथालयात बसून काम करता येतं. तिथल्या अर्जाला थिसिसचा आराखडा लागतो, तेव्हा तो दुसऱ्या वर्षातच तयार ठेवा.