संकल्पांची विरळणी करा: नव्या वर्षी या चुका टाळा

१ जानेवारीच्या सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चालायला जागा मिळत नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जावं तर पुन्हा तीच जुनी माणसं. नवी मंडळी आळशी होती असं मला वाटत नाही. त्यांचे संकल्पच चुकीचे बांधलेले असतात, आणि दरवर्षी तेच पाहून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदम सगळं धरणं. २०१९ साली मी वहीत अकरा संकल्प लिहिले होते. पहाटे पाचला उठणं, साखर बंद, इंग्रजी सुधारणं, गृहकर्जाचा जादा हप्ता, रोज पांडवलेणी चढणं. राहायला मी पंचवटीत, लेणी पार मुंबई-आग्रा महामार्गावर, दहाएक किलोमीटर लांब. निफाडचा पारा उतरला की इकडे नाशिकही गारठतं, आणि त्या काळोखात स्कूटर काढायची. सहा दिवस गेलो. सातव्या दिवशी पांघरुणातून उठलो नाही, आणि त्या एका खाड्याबरोबर बाकीचे दहाही सुटले. इंग्रजीचा आणि थंडीचा काही संबंध नव्हता, पण मनाने सगळ्यांची एकच मोळी बांधली होती.

त्या वर्षी गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठी वेली छाटतात त्यानंतर, महिन्या-दीड महिन्याने दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत गेलो, तेव्हा विरळणी चालू होती. मामा चांगले दिसणारे घडही काढून टाकत होते. मला हळहळ वाटली. ते म्हणाले, "अरे, सगळे ठेवले तर एकाचेही मणी फुगत नाहीत. वेलीने किती पोसायचे?"

तेव्हापासून ३१ डिसेंबरला मी सगळं लिहितो आणि एक सोडून बाकी खोडतो. खोडलेल्यांचा विचार गुढीपाडव्याला. त्याआधी वही उघडायचीही नाही.

"फिट व्हायचंय" हा संकल्प नाही, ती इच्छा आहे. वेळ आणि जागा लिहा. माझं वाक्य असं: सकाळी साडेसहाला चहा झाला की घरातून गोदाघाटापर्यंत चालत जाऊन यायचं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'अमुक वेळ आली की अमुक करीन' अशा ठरवण्यावर बरंच संशोधन केलं आहे. ते वाचायच्या आधीच मला घाटाने हे शिकवलं होतं.

महागडे बूट आधी घेऊ नका. व्हॉट्सॲप स्टेटसवर जाहीर करू नका. वजनाचा आकडा रोज पाहू नका.

आणि ते '२१ दिवसांत सवय' डोक्यातून काढा. या शॉर्टकटने जेवढी माणसं हताश झालेली मी पाहिली, तेवढी थंडीनेही नाही. बाविसाव्या दिवशीही उठायला जिवावर येतं आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत. म्हणजे १ जानेवारीला धरलेलं सरासरीने मार्चच्या पहिल्या आठवड्यात रुळतं. तोवर धीर धरा. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं: मधे एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी खाड्याच्या दिवशी फुली मारत नाही. चौकोन रिकामा सोडतो आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला चपला घालतो.