स्वस्त कंडेन्सर माइक घेताना आधी सेल्फ-नॉइज बघा

जाहिरातीतली विशेषणं सोडा, माइकच्या माहितीतला ‘सेल्फ-नॉइज’चा, म्हणजे माइकच्या स्वतःच्या सूं-सूंचा आकडा आधी शोधा; तो जितका कमी तितका बरा. रोड कंपनीच्या एनटी१-ए माइकचा तो ५ डेसिबल आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा २०. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण हलक्या हाताने छेडलेली गिटार रेकॉर्ड करून आवाज वाढवलात, की मागची सूं-सूं लगेच कानाला टोचते. इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर, ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) हवीच, नाहीतर माइक मुका. आणि खरं सांगू? उघड्याबोडक्या भिंतींच्या खोलीत महागडा माइकही घुमतो. कार्डिऑइड माइक समोरचं जास्त ऐकतो, म्हणून जाड रजई गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा आणि वीतभर अंतरावरून गा.