गाण्यावर खरा अभिप्राय कसा मिळवावा

‘छान गातेस गं’ आणि ‘थोडं बेसूर वाटलं’ हे दोन्ही अभिप्राय शिकणाऱ्याच्या दृष्टीने सारखेच निरुपयोगी. उद्या रियाजाला बसल्यावर नेमकं काय करायचं ते दोन्हींतून कळत नाही. कुठल्या ओळीत, कुठला सूर, चढा लागला की उतरला, इतकं तरी समोरच्याकडून काढून घ्यायला हवं.

त्यासाठी रेकॉर्डिंग धड हवं. तीन-चार मिनिटं पुरतात: तानपुऱ्यावर दहा सेकंद षड्ज (सा), एकदा सावकाश आरोह-अवरोह, मग छोट्या ख्यालाची स्थायी-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) किंवा भावगीताचं एक कडवं. कराओके ट्रॅक नको. त्यातला वाद्यमेळ आणि एको कच्चे सूर झाकून टाकतो. फोन तीन-चार फुटांवर, छातीच्या उंचीला ठेवा, आणि तानपुऱ्याचं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर लावा. सुरुवातीलाच पट्टी (तुमचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर आहे ते) बोलून टाका, ‘काळी एक’, ‘काळी चार’, जी असेल ती. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो. स्वतः मात्र दुसऱ्या दिवशी ऐका. गाताना आपला आवाज हाडांमधूनही कानात पोचतो, म्हणून रेकॉर्डिंगमधला परका वाटतो. तो दोष नव्हे.

विचारायचं कोणाला? राग आणि सूर गुरूंना. भूप आणि देशकार या दोन रागांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूप गाताना धैवतावर (ध) जास्त रेंगाळलं की देशकार डोकावतो. हे मावशीला कळणार नाही आणि तिला विचारूही नये. तिला एवढंच सांगा, ‘गाणं ऐकून शब्द लिहून दे.’ जिथे तिचं अडेल तिथे तुमचा उच्चार सैल आहे. ‘जरा थांब’मधला ज आणि ‘जरा-मरण’मधला ज एकसारखा लागला तर मराठी कानाला तो लगेच खटकतो.

लयीसाठी तबलजींना विचारा. शिकणारे नेमकं त्यांनाच विसरतात. ‘समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना माझी घाई होते का?’ असा थेट प्रश्न ठेवा, म्हणजे भिडस्त माणूसही बोलतो. सोळा मात्रांच्या तीनतालात मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेपासून असेल तर हमखास घडतं ते असं: तान (वेगाने गायलेली सुरांची मालिका) लांबते, दम संपत येतो, धास्तीने मुखडा अर्धी मात्रा आधीच उचलला जातो आणि सम निसटते. इथे तान दोन मात्रांनी छोटी करायची आणि आठव्या मात्रेवर श्वास घ्यायचा. लय कच्ची असल्याचा शिक्का बसतो, दोष असतो दमाचा.

‘बेसूर’ म्हटलं गेलं तर कारण शोधल्याशिवाय रियाज वाढवू नका. सूर धरल्यावर शेवटी उतरत असेल तर तोच सूर चारच सेकंद लावून बघा. नीट लागला, तर प्रश्न श्वासाचा. फक्त तार षड्जाजवळ (वरच्या ‘सा’जवळ) ताण येत असेल तर पट्टी उंच आहे. काळी पाचवरून पांढरी सहावर या. मैत्रिणीची पट्टी काळी पाच आहे म्हणून आपलीही तीच, हा हट्ट फार गळे बिघडवतो. सरगम आणि आकार (नुसत्या ‘आ’वर गाणं) बरोबर, पण शब्द आले की सूर हलतो, असं असेल तर ओळीतल्या अक्षरांमधले नुसते स्वर म्हणा (‘ये रे घना’चं ‘ए ए अ आ’), मग व्यंजनं परत घाला. आणि सगळीकडेच डगमगत असेल तर बंदिश बाजूला ठेवून खर्जाकडे (खालच्या सप्तकातल्या संथ रियाजाकडे) परतायचं, दुसरा उपाय नाही.

एक इशारा. फोनवरच्या ट्यूनरला (सूर मोजणाऱ्या अ‍ॅपला) न्यायाधीश करू नका. तानपुऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार (ग) हार्मोनियमच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली असतो, त्यामुळे हार्मोनियमच्या मापाने मोजणारं अ‍ॅप तुमच्या सुरेल गंधाराला ‘उतरला’ म्हणतं. त्याचं ऐकून गंधार चढवला की तानपुऱ्याशी भांडण सुरू.

अभिप्राय ऐकताना खुलासे देऊ नका. ‘सर्दी होती’ म्हटलं की समोरचा सौम्य होतो आणि पुढची महत्त्वाची गोष्ट गिळतो. वहीत ओळ आणि शब्द लिहा, शक्य असेल तर लगेच ती ओळ पुन्हा गाऊन दाखवा. दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी बोट ठेवलं तर ते आधी घ्या. घसा मात्र तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर तो कान-नाक-घसा तज्ज्ञांचा विषय, गुरूंचा नव्हे.

पंधरा दिवस एकच दोष हाताळा. मग त्याच पट्टीत, त्याच खोलीत, फोन तितक्याच अंतरावर ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा आणि जुनी-नवी फाइल नुसती ‘अ’ आणि ‘ब’ नावाने पाठवा. कुठली नवी ते सांगू नका.