सागरतळाच्या पसरण्याचा वेग स्वतः काढण्याची रीत

सागरतळ पसरतो हे शालेय भूगोलात आपण वाचलेले असते आणि ‘वर्षाला काही सेंटिमीटर’ एवढे उत्तर लक्षात राहते; पण तो आकडा कोणी, कशाच्या आधारे काढला, याचा उलगडा पाठ्यपुस्तकांत क्वचितच होतो. प्रत्यक्षात हे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे. सागरतळावरचा एखादा खडक मध्य महासागरीय पर्वतरांगेच्या अक्षापासून, म्हणजे नवा तळ जेथे तयार होतो त्या रेषेपासून, आज किती दूर आहे ते मोजायचे आणि त्या अंतराला खडकाच्या वयाने भागायचे. खरी कसोटी लागते ती अंतर कोणत्या रेषेवर मोजावे, वय कोठून मिळवावे आणि आलेल्या उत्तरावर कितपत विसंबावे, हे ठरवताना.

साहित्य फारसे लागत नाही. गुगल अर्थमध्ये सागरतळाचे उठाव दिसतात आणि अंतर मोजण्याची पट्टीही असते. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने सागरतळाच्या वयाचा रंगीत नकाशा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यात अक्षालगतचा तळ एका रंगात आणि वय वाढेल तसतसे रंग बदलत गेलेले दिसतात. याखेरीज आलेखाचा कागद, पेन्सिल आणि वर्गमूळ काढणारे गणकयंत्र पुरेसे आहे. एकके मात्र आरंभीच पक्की करावीत. 1 किलोमीटर म्हणजे 10 लाख मिलिमीटर. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये आणि वय दशलक्ष वर्षांत घेतले, तर भागाकार थेट ‘मिलिमीटर प्रतिवर्ष’ या एककात येतो आणि शून्ये मोजत बसावे लागत नाही.

घड्याळ कोठे आहे?

पृथ्वीच्या अंतरंगाची सगळी माहिती या कामाला लागत नाही, पण दोन गोष्टी नीट समजल्याशिवाय पुढचे गणित आंधळे होते. पहिली गोष्ट प्रावरणाची. महासागराखालचे भूकवच सरासरी 7 किलोमीटर जाडीचे असते, तर खंडांखाली ते साधारण 35 ते 40 किलोमीटर असते. त्याखाली सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे. हे प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा आणि त्यावर तरंगणारे भूपट्ट, असे चित्र अनेक मार्गदर्शिकांमध्ये अजूनही छापले जाते, ते चुकीचे आहे. प्रावरण घन खडकाचेच आहे. मात्र तापमान आणि दाब यांमुळे ते लाखो वर्षांच्या मापात अत्यंत सावकाश वाहते. भूकवच आणि प्रावरणाचा वरचा ताठर भाग मिळून शिलावरण बनते आणि त्याचेच तुकडे म्हणजे भूपट्ट. दोन पट्ट एकमेकांपासून दूर सरू लागले की खालचा तप्त खडक वर येतो, वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो आणि केवळ त्या घटीमुळे त्याचा थोडा भाग वितळतो. हा रस भेगेत शिरून गोठला की बेसॉल्टचा नवा तळ तयार होतो. पट्ट सरकण्यामागे या नव्या तळाच्या रेट्यापेक्षा, दुसऱ्या टोकाला सागरी गर्तेत बुडणाऱ्या जड पट्टाची ओढ अधिक प्रभावी असते, असे आज बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

दुसरी गोष्ट गाभ्याची. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि 2,900 किलोमीटरच्या खाली त्या थांबतात, यावरून बाह्य गाभा द्रवरूप असल्याचे कळले. त्याच्याही आत घन अंतर्गाभा असल्याचे डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी 1936 मध्ये दाखवून दिले. बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या हालचालीमुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि हे क्षेत्र अनियमित कालांतराने उलटते, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल होते. बेसॉल्टमधील मॅग्नेटाइट हे खनिज सुमारे 580 अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाले की त्या क्षणीच्या क्षेत्राची दिशा आपल्यात धरून ठेवते. म्हणजे घड्याळ गाभ्यात आहे आणि त्याची नोंद सागरतळावर आहे. अशी नोंद पाहण्यासाठी समुद्रातच उतरावे लागते असेही नाही. सह्याद्रीच्या बेसॉल्ट थरांत खालचे बरेचसे थर उलट्या चुंबकत्वाचे, तर महाबळेश्वरच्या माथ्याजवळचे वरचे थर सरळ, म्हणजे आजच्या क्षेत्राच्या दिशेच्या, चुंबकत्वाचे आहेत.

पहिला सराव: दक्षिण अटलांटिक

सुरुवात अरबी समुद्रापासून करण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. तेथील इतिहास गुंतागुंतीचा आहे. दक्षिण अटलांटिक महासागर सरावासाठी उत्तम, कारण तेथे पर्वतरांग जवळजवळ मधोमध आहे आणि वेग दीर्घकाळ फारसा बदललेला नाही. शिवाय तेथील वये चुंबकत्वावर विसंबून न राहता, प्रत्यक्ष तळ खोदून ठरवलेली आहेत. ‘ग्लोमर चॅलेंजर’ या जहाजाने 1968 च्या अखेरीस साधारण 30 अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या आसपास, पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना एका रांगेत विवरे पाडली. प्रत्येक ठिकाणी बेसॉल्टला टेकलेल्या सर्वांत खालच्या गाळातील सूक्ष्म जीवाश्मांवरून त्या जागेचे वय ठरवण्यात आले.

त्यांतील काही नोंदी, अंतरे थोडी पूर्णांकात आणून, अशा आहेत: अक्षापासून सुमारे 220 किलोमीटरवर वय 11 दशलक्ष वर्षे, 420 वर 24, 745 वर 40, 1,010 वर 49 आणि 1,300 किलोमीटरवर 67 दशलक्ष वर्षे. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन हे पाच बिंदू मांडावेत आणि आरंभबिंदूतून जाणारी, सर्व बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळची सरळ रेषा काढावी. एकेका बिंदूचा भागाकार केला तर 17.5 ते 20.6 यांच्या दरम्यान उत्तरे येतात, तर रेषेचा चढ 20 च्या किंचित खाली येतो. एका बिंदूवर समाधान मानू नये ते यासाठीच. रेषेवर न बसणारा बिंदू दिसला, तर तो खोडून न टाकता तेथे अंतर मोजण्यात किंवा वय ठरवण्यात काय गडबड झाली असेल याचा विचार करावा.

येथे नवशिक्यांची एक ठरावीक चूक होते. काढलेला वेग हा एका बाजूचा, म्हणजे अर्धवेग असतो. अक्षाच्या दोन्ही बाजूंना तळ सारखाच वाढतो असे धरले, तर दोन खंड एकमेकांपासून दूर जाण्याचा पूर्ण वेग त्याच्या दुप्पट, म्हणजे वर्षाला सुमारे 39 मिलिमीटर होतो. पुस्तकांत आणि लेखांत कधी अर्धवेग तर कधी पूर्ण वेग दिलेला असतो आणि कोणता ते लिहिलेले नसते. दोन आकडे नेमके दुपटीने वेगळे दिसले की आधी हाच संशय घ्यावा.

रेषा आखण्याविषयीही एक सूचना आहे. मोजपट्टी अक्षाला लंब धरून न थांबता, ती तळ ज्या दिशेने पसरला त्या दिशेने धरावी. ही दिशा ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पर्वतरांगेला आडवे छेदणारे, लांबच लांब सरळ ओरखड्यांसारखे दिसणारे विभंग पट्टे. मोजणीची रेषा त्यांना समांतर ठेवावी आणि त्यांपैकी एकही ओलांडू नये. असा पट्टा ओलांडला की पलीकडचा तळ अक्षाच्या वेगळ्याच तुकड्यावर जन्मलेला असतो आणि अंतराला अर्थ उरत नाही.

चुंबकीय पट्ट्यांवरून अलीकडचा वेग

विवरे मोजक्याच ठिकाणी आहेत. चुंबकीय पट्टे मात्र जवळजवळ सर्व महासागरांत आहेत; तळ पसरत असताना क्षेत्र उलटत गेल्यामुळे अक्षाच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून सरळ आणि उलट चुंबकत्वाचे हे पट्टे उमटतात. त्यांचा अर्थ लावण्याचे श्रेय फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांना दिले जाते. त्यांनी 1963 मध्ये मांडलेल्या विवेचनाचा मुख्य आधार आपल्या शेजारचा, म्हणजे वायव्य हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेचा होता; ‘ओवेन’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने 1962 मध्ये तिचे चुंबकीय सर्वेक्षण केले होते. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ली यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना त्याच सुमारास लिहून पाठवली होती, पण ती छापण्यास नकार मिळाला. (पर्वतरांगेचे नाव ऐकून बिअर आठवली, तर ती आठवण अस्थानी नाही, डेन्मार्कच्या ज्या सागरी मोहिमेने हे नाव दिले, तिचा खर्च त्याच मद्यउद्योगाच्या प्रतिष्ठानाने उचलला होता.)

सध्याचा सरळ ध्रुवकाल सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी सुरू झाला. त्याआधी उलटा काल होता, त्याच्या मध्ये सुमारे 10.7 ते 9.9 लाख वर्षांपूर्वी एक छोटा सरळ काल येऊन गेला आणि 36 ते 25.8 लाख वर्षांपूर्वीचा काल पुन्हा प्रामुख्याने सरळ होता. एखाद्या पर्वतरांगेचा चुंबकीय छेद, म्हणजे तिला आडवे ओलांडताना मोजलेल्या चुंबकीय क्षेत्राचा आलेख, मिळाला की अक्षापासून मधल्या पट्ट्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे, त्यांची सरासरी घ्यावी आणि तिला 0.78 ने भागावे.

हे गणित उलटे करून पाहणे अधिक उद्बोधक ठरते. कार्ल्सबर्ग पर्वतरांगेचा पूर्ण वेग जागेनुसार वर्षाला साधारण 22 ते 32 मिलिमीटर आहे. म्हणजे अर्धवेग 11 ते 16 आणि मधल्या पट्ट्याची कड अक्षापासून साडेआठ ते साडेबारा किलोमीटरवर सापडायला हवी. पूर्व पॅसिफिक उठावावर पूर्ण वेग काही ठिकाणी 150 मिलिमीटरपर्यंत जातो. तेथे हीच कड सुमारे 58 किलोमीटरवर असते. याचा व्यावहारिक परिणाम असा की 80 हजार वर्षांच्या त्या छोट्या सरळ कालाची पट्टी पूर्व पॅसिफिकवर 6 किलोमीटर रुंद आणि स्पष्ट दिसते, तर कार्ल्सबर्गवर ती जेमतेम 1 किलोमीटरची भरते. तीन-चार किलोमीटर पाण्यावरून जाणाऱ्या जहाजाच्या चुंबकमापकाला ती शेजारच्या पट्ट्यांत मिसळून गेलेली भासते. मंद पर्वतरांगेच्या छेदात एखादी अपेक्षित पट्टी दिसली नाही, म्हणून कालपटावर, म्हणजे सरळ-उलट कालांच्या या क्रमावर, अविश्वास दाखवण्याची घाई करू नये.

आणखी एक सापळा खास आपल्या भागातला आहे. चुंबकीय विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ आडवे असते. त्यामुळे उंच अक्षांशांवर सरळ चुंबकत्वाच्या पट्टीवर दिसणारे शिखर येथे कलते, सरकते किंवा त्याच्या जागी दरीही उमटू शकते. आइसलँडजवळच्या छेदात मिळालेला ‘शिखर म्हणजे सरळ काल’ हा नियम अरबी समुद्रात तसाच लावला, तर सगळा कालपट उलटा वाचला जाईल.

खोलीवरून पडताळा

नवा तळ गरम, म्हणून फुगलेला असतो. वय वाढते तसा तो थंड होऊन आकसतो आणि खोल जातो. साधारण 70 दशलक्ष वर्षे वयापर्यंत हा संबंध एका साध्या सूत्रात बसतो: वयाचे (दशलक्ष वर्षांत) वर्गमूळ काढून त्याला 350 ने गुणावे आणि त्यात 2,500 मिळवावेत; उत्तर मीटरमधील खोली असते. 25 दशलक्ष वर्षांच्या तळासाठी ते 4,250 मीटर आणि 49 दशलक्ष वर्षांच्या तळासाठी 4,950 मीटर येते. गुगल अर्थमध्ये आपल्या रेषेवरची खोली वाचून या आकड्यांशी ताडून पाहावी. शंभर-दोनशे मीटरच्या फरकाने बिचकू नये. गाळ साचलेला असतो, मध्येच समुद्रबुडी टेकडी येते. फरक हजार मीटरचा असेल, तर मात्र रेषा एखाद्या पठारावरून किंवा ज्वालामुखीच्या उंचवट्यावरून गेली आहे असे समजावे. हा पडताळा अरबी समुद्राच्या उत्तर भागात मात्र निरुपयोगी ठरतो, कारण सिंधू नदीने हिमालयातून आणलेल्या गाळाचा काही किलोमीटर जाडीचा थर मूळ तळावर पसरलेला आहे.

आता अरबी समुद्र

एवढ्या सरावानंतर कार्ल्सबर्ग पर्वतरांगेकडे वळावे. दख्खनच्या लाव्हा-उद्रेकानंतर थोड्याच काळात, सुमारे 63 दशलक्ष वर्षांपूर्वी, भारत आणि सेशेल्स यांच्यात येथे नवा तळ तयार होऊ लागला. मुंबईपासून नैर्ऋत्येकडे अक्षापर्यंत अंतर मोजून त्याला 63 ने भागणे ही सर्वांत स्वाभाविक, आणि दोन कारणांनी सदोष कृती आहे. पहिले कारण असे की मुंबईलगतची रुंद समुद्रबूड जमीन हा खंडाचाच भाग आहे, तर तिच्यापलीकडचे समुद्राखालचे लक्ष्मी खोरे सेशेल्स वेगळे होण्याआधीच ताणले गेले होते. म्हणून मोजणी त्या खोऱ्यालगतच्या, समुद्राखालच्याच लक्ष्मी पर्वतरांगेच्या दक्षिण कडेपासून सुरू करावी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तेथून मोजले तरी सरासरी अर्धवेग आजच्या 11 ते 16 मिलिमीटरपेक्षा बराच जास्त येतो आणि त्यात मोजणीची चूक नसते. सुरुवातीच्या काळात भारतीय पट्ट वर्षाला 15 सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे जात होता. सुमारे 50 दशलक्ष वर्षांपूर्वी तो आशियाला भिडू लागल्यावर त्याचा वेग झपाट्याने घटला. सरासरी काढताना ही धाव आणि तो अटकाव दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

म्हणून येथे एकच रेषा न काढता वयाच्या नकाशावरील रंगांच्या सीमांपर्यंत टप्प्याटप्प्याने अंतरे मोजावीत, प्रत्येक टप्प्याच्या अंतराला फक्त त्या टप्प्याच्या कालावधीने भागावे आणि आलेखावर तुकड्यातुकड्यांची रेषा काढावी. जुन्या तळाकडे जाताना रेषा जेथे एकदम उभी होते, तेथे आडव्या अक्षावरचे वय वाचून पाहावे. ते 50 च्या आसपास येते.